पात्रांवची पाळी

माझा धाकटा भाऊ तारवार असतो. म्हणजे जहाजावर नोकरीला, एका मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये. सहा-सात महिने दर्यावर, मग तीन महिने घरी. घर म्हणजे गोव्यात सावईवेऱ्याच्या बाजूचं आमचं कुळागर, म्हणजे बागायत. पोफळी, मिरवेली, केळी आणि पावसाळ्यात हमखास जाणारी वीज. तो घरी असला की आम्हा दोघांचा एक नेम असतो. रात्रीची जेवणं आटोपली की दोन कंट्रोलर घेऊन टीव्हीसमोर बसायचं आणि राक्षस मारायचे. मी प्राथमिक शाळेतली बाई, चाळिशीच्या उंबऱ्यावर. तो तिशी ओलांडलेला. आई आतून ओरडते, 'दोगांयचें जेवण निवता!' म्हणजे नेम जेवणानंतरचा असला तरी पाळला जातोच असं नाही.

खेळाचं नाव बाल्डर्स गेट ३. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणला. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या जुन्या खेळाचे नियम त्याच्या बुडाशी आहेत. तलवारी, मंत्र, गुहा, सगळं आहेच. पण आमच्या रात्री जातात त्या दोनच प्रश्नांत: सोबत कोणाला घ्यायचं आणि लढाईत कोणी कधी काय करायचं. सोबतच्या चार जणांना खेळात पार्टी म्हणतात. आमच्याकडे पार्टी म्हटली की लोकांना निवडणूक आठवते नाहीतर बिअर, म्हणून आम्ही त्याला मेळ म्हणतो, शिगम्यातल्यासारखा.

हे वेड जुनं आहे. २००१ च्या सुमारास एका मावसभावाने बाल्डर्स गेटच्या दुसऱ्या भागाच्या सीडी आणून दिल्या होत्या. त्या मेळात सहा जण असत आणि लढाई थांबत नसे. सगळे एकाच वेळी तुटून पडत. हुकूम द्यायचा तर स्पेसबार दाबून काळ गोठवायचा, सहाही जणांना कामं वाटून द्यायची, पुन्हा स्पेसबार. मी तेव्हा पंधराची, भाऊ सातचा. माऊस माझ्याकडे आणि स्पेसबार त्याच्याकडे. आपल्यातला कोणी पडतोय असं दिसलं की दाबायचं, एवढंच त्याचं काम. ते तो इतक्या निष्ठेने करी की कोणाला खरचटलं तरी जग थांबे. एका सरड्याशी लढायला आम्हाला पाऊण तास लागल्याचं आठवतं.

आता लढाई पाळीपाळीने चालते. पाळी आली की माणसाला एक मुख्य कृती, एक छोटी कृती आणि ठरावीक अंतर चालणं मिळतं. आणि स्पेसबार दाबला की पाळी संपते! मी एकदा कीबोर्डवर खेळत असताना जुन्या सवयीने, घाबरून, काळ थांबवायला म्हणून तो दाबला. काळ काही थांबला नाही. हाताशी असलेली पाळी मात्र वाया गेली आणि तीन गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, माझ्या मांत्रिकावर चढले.

मेळ बांधताना भावाने पहिल्या दिवशी पाच मिनिटांत आपलं माणूस तयार केलं. अर्धा ऑर्क, म्हणजे अर्धा माणूस नि अर्धा राक्षस, आणि बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्या. हातात माणसाएवढी कुऱ्हाड. नाव ठेवलं पात्रांव. गोव्यात पात्रांव म्हणजे मालक, शेठ, आणि रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत कोणालाही मारायची हाक. मी दीड तास लावला. माझी क्लेरिक, म्हणजे देवाचं बळ घेऊन लढणारी, वादळाच्या देवतेची भक्त. नाव बाय. उरलेल्या दोन जागी खेळातलेच दोघे घेतले. गेल हा जादूगार, पुस्तकी आणि बोलघेवडा. ॲस्टेरियन हा चोर, देखणा आणि बिनभरवशाचा. लढवय्या, पुजारी, जादूगार, चोर, अशी ही चौकडी या जगात सनातन मानली जाते. गंमत म्हणजे १९७४ साली मूळ खेळ आला तेव्हा त्यात चोर नव्हताच. तो पुढच्या वर्षीच्या पुरवणीतून आत शिरला, चोराने शिरावं तसाच.

चौकडी पुस्तकात शोभावी अशी होती. तरी पहिले दहा-बारा दिवस आम्ही बेदम मार खाल्ला.

कारण आम्हा दोघांच्या स्वभावात होतं. भाऊ समोर येईल त्याला एक ठेवून द्यायचा. चौघांना चार घाव, चौघं अर्धमेले, आणि हा खूश. पण या खेळात अर्धमेला शत्रू अर्ध्या जोराने मारत नाही. जिवाचे शंभर पॉइंट असलेला जितका जोरात मारतो तितकाच एक पॉइंट उरलेलाही मारतो. शत्रूकडून वजा करायची असते ती त्याची पुढची पाळी, आणि ती वजा होते फक्त तो पडल्यावर. सात गॉब्लिनांविरुद्ध आपण चौघं असलो तर फेरीला सात कृती त्यांच्या, चार आपल्या. सगळ्यांनी मिळून दोघांना आडवं केलं की पाचास चार. मग जरा श्वास घेता येतो. हे मी त्याला वहीवर लिहून दाखवलं. शाळेतली बाई असण्याचा तोटा असा की समोरचा आधी जांभई देतो. शेवटी तो म्हणाला, 'बरें, तूं सांग खंयच्याक मारूं.' तिथून आमची लढाई थोडी लढाईसारखी दिसू लागली.

माझा दोष वेगळा होता. मी राखून ठेवायची. मंत्रांची संख्या दिवसाला मोजकी असते, लांब विश्रांती घेतली की परत मिळते, आणि त्या विश्रांतीला चाळीस पॉइंटांचा शिधा लागतो. आम्ही खेळत होतो त्या वरच्या काठिण्यपातळीवर तर ऐंशी. त्यामुळे मी प्रत्येक मंत्र पुढच्या मोठ्या संकटासाठी शिंक्यावर टांगून ठेवायची. संकट यायचं, आम्ही मरायचो, आणि शिंक्यावर मंत्र तसेच. आईचंही असंच आहे. चांगल्या बशा पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की त्या कपाटातून काढायला वेळ नसतो.

आशीर्वादाचा मंत्र मी वापरू लागले तो चवथीमुळे, म्हणजे गणेशचतुर्थीमुळे. आमच्याकडे चवथीला घुमटावर आरत्या होतात. मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं घुमट वाजवायला वाड्यावरची सगळी पोरं तयार असतात, कारण आवाज घुमतो आणि लोक बघतात. शामेळ वाजवायला मात्र कोणी पुढे येत नाही. दोन काड्यांनी ठेका धरून बसायचं, बस्स. बाबा शामेळ वाजवत. एका वर्षी त्यांना ताप होता. आठ घुमटं होती, कासाळं म्हणजे झांज होती आणि आरतीचा नुसता कालवा झाला. प्रत्येक घुमट आपापल्या परीने छान वाजत होतं.

तर आशीर्वाद म्हणजे शामेळ. पहिल्या पायरीचा साधा मंत्र, तिघांवर टाकता येतो. त्या तिघांच्या प्रत्येक हल्ल्याच्या फाशात चार बाजूंचा आणखी एक फासा मिळवायचा. हल्ला वीस बाजूंच्या फाशावर ठरतो, म्हणजे एक अंक पाच टक्क्यांचा. चार बाजूंच्या फाशाची सरासरी अडीच, म्हणजे साडेबारा टक्के. शंभरात पंचावन्न घाव लागत असतील तर सदुसष्टच्या पुढे जातात, तेही तिघांचे, आणि प्रत्येक फेरीत. पडद्यावर मात्र काही घडत नाही. जरा सोनेरी चमकतं, मग सगळी वाहवा कुऱ्हाडीला. मेळ बांधताना मी आता आधी हे बघते की या चौघांत असं कोण आहे ज्याचं काम कोणाला दिसणार नाही.

अडचण एवढीच की असा मंत्र धरून ठेवावा लागतो. एका वेळी एकच धरता येतो, आणि धरणाऱ्याला मार बसला की फासा टाकून तो टिकवावा लागतो. निदान दहा तरी हवेत. मार वीसच्या पुढे गेला तर त्याच्या निम्मे. म्हणजे बायला कोणी गाठता कामा नये, म्हणजेच पात्रांवने दारात उभं राहायचं. दारात उभ्या माणसाजवळून शत्रू निसटायला गेला की त्याला फुकटचा एक घाव घालता येतो. पण तो फेरीत एकदाच. पहिला मार खातो, दुसरा खुशाल आत येतो. हे आम्हाला कळलं तेव्हा बाय जमिनीवर होती आणि भाऊ म्हणत होता, 'पण हांव दारांतच आसलों!'

तरीही काहीतरी चुकत होतंच. मी आशीर्वाद टाकायच्या आत पात्रांव धावत सुटलेला असायचा. मला वाटे, हा स्वभाव. एका रात्री नीट बघितलं तर दोष स्वभावाचा नव्हताच, आकड्यांचा होता. पाळ्यांचा क्रम चपळाईवर लागतो. टेबलावरच्या मूळ खेळात त्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकतात, त्यामुळे कोणीही कधीही पुढे येऊ शकतं. बाल्डर्स गेट ३ मध्ये तो फासा चार बाजूंचा आहे. नशिबाला जागा कमी, चपळाईला जास्त. मी बायला जड चिलखत चढवलं होतं आणि चपळाई आठवर सोडली होती. तिचा हिशोब फासा उणे एक, म्हणजे फार तर तीन. पात्रांवची चपळाई चौदा, त्याचा फासा अधिक दोन, म्हणजे कमीत कमी तीन. मी कितीही नशीबवान ठरले तरी फार तर बरोबरी. मी त्याला दहा दिवस बोल लावत होते ते मीच पहिल्या दीड तासात लिहून ठेवलेल्या एका आकड्यासाठी.

आपल्या तळावर विदर्स नावाचा एक वाळलेला म्हातारा असतो. शंभर सोन्याची नाणी दिली की तो आपल्याला नव्याने घडवून देतो. मी नाणी मोजली, ताकद कमी केली, चपळाई चौदा केली, जड चिलखत काढून मधलं घातलं. कागदावर बाय आधीपेक्षा कमजोर झाली, आणि मेळ सुधारला.

कारण या खेळात एक सोय आहे, जिचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही. क्रमात आपली दोन माणसं लागोपाठ आली आणि मध्ये शत्रू नसला, तर त्या दोघांची पाळी एकत्र होते. दोघांची चित्रं एकदम उजळतात. मग कोणी आधी, कोणी नंतर, कोणी अर्धं करून थांबायचं, ते दोघांनी ठरवायचं. मी आशीर्वाद टाकणार, तो धावणार, घाव घालणार, मी उरलेल्या पावलांनी त्याच्या मागे सरकणार, तो छोट्या कृतीने एखाद्याला कड्यावरून ढकलणार. (ढकलणं या खेळात फार स्वस्त आहे. भावाला त्यातून जो आनंद मिळतो तो बघून मला त्याच्या बोटीवरच्या सहकाऱ्यांची काळजी वाटते.) दोघांची चपळाई सारखी ठेवली तर हे दर लढाईत नाही, पण बऱ्याचदा जमतं. तेव्हापासून आम्ही मेळ बांधतो तो ताकदीच्या बेरजेवर नाही. क्रमात कोण कोणाच्या शेजारी येईल, ते आधी बघतो.

कोळिणीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओसाड गावातल्या विहिरीखालच्या गुहेत एक अवाढव्य कोळीण राहते, क्षणात इथून नाहीशी होऊन तिथे उगवणारी. खोल दरीवर तिने जाळ्यांचे पूल विणलेत आणि जागोजागी अंडी. पहिल्यांदा गेलो ते सरळ तिच्यावर. अंडी फुटली, पिल्लं आली, पात्रांव जाळ्यात चिकटला आणि दुसऱ्या फेरीत आम्ही संपलो. सहा वेळा. सातव्यांदा भाऊ कंट्रोलर खाली ठेवून म्हणाला, जरा बघत बसूया. आम्ही काहीच न करता तिला न्याहाळलं. ती उभी कशावर राहते? जाळ्यावर. जाळं कशाने जळतं? मग तिला मारायचं सोडून आम्ही तिच्या पायाखालचा पूल धरला. ती मधोमध आली, गेलने आगीचा एक साधा बाण सोडला, तोसुद्धा जाळ्यावर, आणि एवढं धूड गुहेच्या तळाशी जाऊन आदळलं. ती मेली नाही, पण अर्धी लढाई तिथेच झाली. भाऊ म्हणाला, इंजिनरूममध्ये पण असंच, बिघडलेल्या भागाकडे बघायच्या आधी तो कशावर बसवलाय ते बघ. हे तो मला आठ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच सांगत होता.

पाचव्या पातळीवर बायला वीज बोलावता येऊ लागली, आणि इथे गोंयकाराला नियम समजावून सांगावा लागत नाही. भिजलेल्यावर वीज दुप्पट लागते. क्लेरिकला पाऊस पाडता येतो, शत्रू चिंब होतात. मग वीज, दहा बाजूंचे तीन फासे. वादळाच्या भक्ताला एक जास्तीचा अधिकार असतो, फासे न टाकता सगळे कमाल धरायचे. तीस, त्याची दुप्पट साठ. शत्रूने अंग चोरलं तर निम्मे. फक्त पाऊस पाडण्यात एक कृती जाते, म्हणून तो शक्यतो दुसऱ्या कोणी पाडावा किंवा आधीच्या फेरीत पाडून ठेवावा. आणि भिजलेल्याला आग कमी लागते, म्हणजे गेलने त्या वेळी अग्निगोळा टाकून शहाणपणा दाखवायचा नाही. दोन हुकमी डाव एकमेकांना मारतात असं कितीदा होतं! वेगवेगळे उत्तम, एकत्र पंचाईत.

पुढच्या खेपेला तो आला जूनमध्ये, आणि आम्ही ऑनर मोड धरला. त्यात सेव्ह एकच. मागे जाणं नाही. सगळे मेले की तो डाव संपला. गॉब्लिनांच्या तळावर कोणीतरी नगारा वाजवला आणि सगळी छावणी आमच्यावर आली. ॲस्टेरियन पडला, गेल पडला, बायचे मंत्र संपले. पात्रांवचा एक पॉइंट उरला होता. अर्ध्या ऑर्कांना दिवसातून एकदा मरता मरता एका पॉइंटवर उभं राहता येतं, ते झालं होतं. दोघांची पाळी एकत्र उजळली. करायला काही नव्हतं. आणि वीज गेली.

काळोखात नुसता पाऊस ऐकू येत होता. तासाभराने दिवे आले. खेळ उघडला तर आम्ही लढाईच्या आधी, तळाच्या बाहेर, चौघंही ठणठणीत.

यावर आमचं खरं भांडण झालं. भावाचं म्हणणं, हा डाव संपलाय, पुढे खेळणं म्हणजे लबाडी. मुद्दाम प्लग काढणारे असतात, त्यांच्यात नि आपल्यात फरक काय? माझं म्हणणं, प्लग आपण काढला नाही. हजार बाजूंचा फासा होता, तो आपल्या बाजूने पडला. तो म्हणाला, 'बोटीर लायट गेली जाल्यार कोण म्हणना नशीब.' मी गप्प बसले. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू येईपर्यंत दोघं तसेच बसलो, मग उंडे आणून चहा प्यायलो. त्या चहावर असं ठरलं की खेळायचं, पण गॉब्लिनांच्या तळावर पुन्हा जायचं नाही. लांबून वळसा घालायचा. हरलेली लढाई हरलेलीच धरायची. हा नियम कुठल्याच पुस्तकात नसेल, पण अजून तरी मोडलेला नाही.

ऑगस्टच्या अखेरीला तो गेला. चवथ त्याला मिळत नाहीच. मेळात पात्रांव मात्र राहिला. दोघांनी सुरू केलेल्या डावात एक जण निघून गेला तरी त्याचं माणूस तिथेच असतं, आणि ते मला चालवावं लागतं. त्याला स्वतःची गोष्ट नाही, तो बोलत नाही, चारातली एक जागा अडवून बसतो. त्याच्या जागी कार्लॅक आली असती, तीही बार्बेरियन, मनमोकळी, खेळातल्या मला आवडणाऱ्या फार थोड्यांपैकी एक. याची सोय खेळात नंतर आलेल्या एका पॅचमध्ये, म्हणजे सुधारणेत, केली गेली. आपल्या तळावर एक कपाट आलं, वाट सोडून गेलेल्या दोस्तांचं. निघून गेलेल्या खेळाडूचं माणूस त्यात ठेवून द्यायचं आणि जागा मोकळी करायची. डावपेच म्हणून बघितलं तर तेच बरोबर आहे. मी दोनदा त्या कपाटापर्यंत जाऊन आले.

मग मी एकटीच दोघांना खेळवू लागले. आश्चर्य म्हणजे एकटीच्या हातात पात्रांव नेमून दिल्यासारखा वागतो. थांबतो, आशीर्वाद घेतो, सांगितलेल्यालाच मारतो, कोणाला उगाच ढकलत नाही. लढाया लवकर संपतात. परवा एका पुलावर मी मुद्दाम त्याला भावासारखा सोडला, आशीर्वादाच्या आधी, चौघांच्या मध्ये. पडला तो.

योगायोगाने त्याच वेळी फोनवर भावाचा मेसेज आला. बोट कुठल्याशा बंदराला लागली होती, नेट मिळालं होतं. 'पात्रांव कितें करता?' मी पडद्याचा फोटो काढून पाठवला. पात्रांव पुलावर आडवा, वाचेल की नाही याचा एक फासा चुकलेला, भोवती तिघं. बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत होतं. मग आलं, 'उठय गो ताका.'

बायची छोटी कृती शिल्लक होती. लांबून जखम भरायचा शब्द टाकला. फासा एक पडला, वर माझे तीन. चार पॉइंटांवर पात्रांव उठून बसला. मी पुन्हा फोटो काढला.